प्राचीन चीन: श्रेय नदीचं की मातीचं?

धरमपेठ_अभ्यासिका
इतिहास वैकल्पिकच्या नोट्स काढतोय. गाइडमध्ये ठरलेली ओळ आहे: ह्वांग हो म्हणजे पिवळ्या नदीच्या सुपीक गाळामुळे चिनी संस्कृती उदयाला आली आणि डोंगर-वाळवंटांमुळे जगापासून तुटलेली राहिली. पुढच्याच पानावर तीच नदी ‘चीनचे दुःख’! दोन्ही एका उत्तरात कसं बसवायचं? आणि भात कुठे घालायचा?

गाळपेर
आधी माती लिहा, नदी नंतर. लोएस म्हणजे वाऱ्याने वायव्येच्या वाळवंटी भागातून आणून टाकलेली धूळ. ह्वांग होच्या मधल्या टप्प्यातल्या लोएस पठारावर तिचा थर कित्येक ठिकाणी 100 मीटरच्या वर आहे. कण बारीक आणि माती भुसभुशीत, त्यामुळे लाकडी-दगडी अवजारांनीही उकरता येते. लोखंडी फाळाची वाट बघावी लागली नाही. पाऊस बेताचा आणि बहुतेक उन्हाळ्यातच, म्हणून पिकं राळा आणि चेना ही भरडधान्यं. चेना दोन-तीन महिन्यांत हाती येतो.

पण गावं मुख्य नदीच्या काठावर होती असं लिहू नका. ती वेई, फेन, लो या उपनद्यांच्या खोऱ्यांत, पुराच्या पाण्यापासून उंचावर वसली. शिआनजवळचं बानपो हे नवाश्मयुगीन गाव सरळ उदाहरण.

हीच माती फळ्यांच्या साच्यात साधारण 8-10 सेंमीचे थर देऊन धुमसली की दगडाशिवाय तट उभा राहतो. झेंगझोऊ शहराच्या शांगकालीन (शांग राजघराणं, साधारण इ.स.पू. 1600-1046) तटाचा घेर जवळपास 7 किमी आहे. खोड एकच: कोरडा लोएस उभ्या कड्यासारखा टिकतो, पाणी मुरलं की बसतो. झाडी तोडली की घळी पडतात आणि सगळी माती नदीत.

बांधबंदिस्ती
दुःख तिथूनच सुरू होतं. विसाव्या शतकातल्या मोजणीत नदी वर्षाला सुमारे 160 कोटी टन गाळ आणत होती, दर घनमीटर पाण्यात सरासरी 35 किलोच्या आसपास. लोयांगच्या पुढे मैदान लागतं, उतार संपतो, गाळ खाली बसतो. पात्र वर आलं की बांध वाढवायचा, मग गाळ बांधाच्या आतच साचतो आणि पात्र आणखी वर येतं. काइफेंगजवळ ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंच आहे. अशा ठिकाणी बांध फुटला तर पाणी परत पात्रात येत नाही, नदीच वाट बदलते. इ.स.पू. 602 मध्ये तसं झालं, 1855 मध्येही.

युद्धरत राज्यांच्या काळातले (इ.स.पू. पाचवं ते तिसरं शतक) बांध नदीपासून 25 ली, म्हणजे सुमारे 10 किमी दूर होते. पाण्याला पसरायला जागा होती. पुढे त्या जागेत लोकांनी शेती केली, घरं बांधली, ती वाचवायला आत आणखी बांध घातले. घोळ तिथेच झाला.

शांग काळाच्या उत्तरात मात्र 160 कोटींचा आकडा टाकू नका. तेव्हा पठार एवढं उघडं पडलेलं नव्हतं, गाळ बराच कमी होता.

तांदूळ_ते_तूर
भाताचं सोपं आहे. चिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदी यांची रेषा काढा. तिथे वर्षाला साधारण 800 मिमी पाऊस. दक्षिणेला भात, उत्तरेला कोरडवाहू. नागपूरहून पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धान आणि पश्चिमेला कापूस-तूर, तसंच, फक्त तिथे रेषा आडवी आहे.

दक्षिणेतल्या यांगत्से नदीच्या खालच्या भागात हेमूडू या वसाहतीत सुमारे 7,000 वर्षांपूर्वीचा भात सापडतो. त्याच भागातल्या लियांगझू संस्कृतीच्या लोकांनी तर 5,000 वर्षांपूर्वी मातीची धरणं बांधली. उत्तरेतल्या एर्लितौ या कांस्ययुगीन नगरापेक्षा ती हजार वर्षांहून जुनी, तरी गाइडवाले यांगत्सेला एक ओळ देतात!

‘तुटलेली’ हा शब्दही काढा. गहू पश्चिमेकडून आला, शांगांची शेवटची राजधानी अनयांग, तिथल्या थडग्यांत रथ आणि घोडे आहेत. वायव्येला मध्य आशियाकडे जाणारा हेशीचा चिंचोळा पट्टा उघडाच होता.

धरमपेठ_अभ्यासिका
मग पूर आवरायला राजसत्ता आली, असं लिहू का?

बांधबंदिस्ती
नको भाऊ. उत्तरेत शांगांची सत्ता दिसते ती कांस्य ओतकाम, पितरांचे विधी आणि लढाया यांत. सिंचनाचे मोठे कालवे खूप उशिरा आले: दुजियांगयान इ.स.पू. 256 च्या सुमारास, झेंगगुओचा कालवा इ.स.पू. 246. नकाशा काढाल तेव्हा नदीचा आजचा प्रवाह दाखवू नका. शांग काळात ती बरीच उत्तरेला, आजच्या तिआनजिनच्या बाजूने समुद्राला मिळत होती.