प्रौढांच्या वर्गात आता मोबाइलच शिकवायचा का?

सुईदोरा: वस्तीत वीसेक वर्षं प्रौढांचा वर्ग घेतेय. आधी बायका म्हणायच्या, "ताई, अंगठा नको, सही शिकवा." मग शिवणक्लासला गर्दी झाली, मग एमएससीआयटीच्या संगणक कोर्सला. आता शिलाई मशिनी चादरीखाली झाकून ठेवल्यात. येईल ती म्हणते, फोनवरून पैसे पाठवायला शिकवा. माझं स्पष्ट मत, बाराखडीचा हट्ट सोडावा. दिवसभर धुणीभांडी करून आलेल्या बाईला 'क' गिरवत बसवायचं नाही.

मुरबाडकर: अजिबात पटलं नाही. आमच्या तालुक्यात फांगण्याला 2016 साली आजीबाईंची शाळा निघाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटीवर अक्षरंच गिरवायला बसल्या. त्यांना कुठे नोकरी करायची होती?

रात्रपाळी: मागणी बदलली म्हणता, पण ती ठरवतं कोण? 1967 साली वरळीत पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, ते शहरातल्या कामगारांसाठी. 2000 मध्ये त्याच योजनेचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि 2018 मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. अनुदान ज्या कोर्सला, तोच कोर्स बायकांसमोर येतो. एमएससीआयटी किंवा तिच्यासारखी संगणक परीक्षा तर अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी सक्तीची. तिला आवड कसं म्हणायचं?

सुईदोरा: तिथे सक्ती होती, मान्य. पण भाजीवालीला गिऱ्हाईक रोज विचारतं, "कोड आहे का?" ही गरज तिची स्वतःची आहे.

पाटीपेन्सिल: आईला मी असंच रंगावरून शिकवलं होतं. निळं चित्र दाब, मग खालचं बटण. अ‍ॅप अपडेट झालं आणि बटण हललं. आई तीन दिवस माझी वाट बघत होती, फोनला हात लावेना. मग कागदावर दोनच शब्द लिहून दिले, 'पाठवा' आणि 'मागवा'. पहिलं अक्षर बघायचं, 'पा' की 'मा'. आठवड्याभरात दोन्ही वाचायला लागली. आता दुकानांच्या पाट्या वाचते. पैसे जाणार की येणार, हे रंगावरून कधीच कळलं नसतं.

सुईदोरा: हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी फळ्यावर 'पाठवा'च लिहिते.

मुरबाडकर: लिहा. पण जिच्या घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिला सोमवारी काय शिकवणार?