न्यू लॅनार्क या स्कॉटलंडमधल्या जुन्या गिरणी-वस्तीचं कौतुक जरा जास्तच होतंय का?

क्लाइडकाठी:
माझ्या मते अजिबात नाही. तिथे क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ डेव्हिड डेलने १७८६ ला सूतगिरणी सुरू केली, १८०० पासून त्याचा जावई रॉबर्ट ओवेन कारभार बघायला लागला. दहा वर्षांखालची पोरं कामावर घेणं त्याने बंद केलं, १८१६ ला बालशाळा काढली, अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा गिरणी चार महिने बंद होती तरी मजुरी पूर्ण दिली. त्या काळात असं कोण करत होतं सांगा.

लाकडी_ठोकळा:
शाळा चांगली होती, मान्य. पण प्रत्येक कामगाराजवळ टांगलेला तो चार रंगांचा ठोकळा का विसरता? काळा म्हणजे वाईट, मग निळा, पिवळा आणि पांढरा म्हणजे उत्तम. काल कसं वागलात ते मुकादम रंग फिरवून सगळ्यांना दाखवणार, वर रोजची नोंद वहीत. घर मालकाचं, दुकान मालकाचं, वागणुकीचा हिशोबही मालकाकडेच! याला मी दयाळूपणा म्हणणार नाही, पाळत म्हणेन. आणि तो कापूस अमेरिकेत गुलाम पिकवत होते, ते कुणाच्या हिशोबात धरायचं?

क्लाइडकाठी:
कापसाचं बरोबर आहे, त्यावर बचाव नाही. पण ठोकळा हा मारहाणीऐवजी होता हो. आणि दुकानात चांगला माल स्वस्तात मिळायचा, नफा शाळेला जायचा. बाकी गिरण्यांची दुकानं मजुराला लुबाडायलाच असायची.

परळवाला:
ओवेनवर भांडा खुशाल, मला आजचं बोलायचंय. गिरणी १९६८ ला बंद पडली, नंतर तिथे भंगाराचा धंदा चालला, घरं मोडकळीला आली, तरी ट्रस्टने एकेक करून ती दुरुस्त केली आणि त्यात आजही माणसं राहतात. २००१ ला युनेस्कोची यादी तर नंतरची गोष्ट. आमच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, जमिनीवर मॉल नि टॉवर आले आणि गिरणी कामगार अजून घराच्या लॉटरीची वाट बघतोय.

लाकडी_ठोकळा:
पण एका गिरणीत आता हॉटेल आहे, तिथे खोली घेऊन उतरणाऱ्याला सूत कातणाऱ्या बाईचे तास कुठे कळणार?

परळवाला:
हॉटेलच्या पैशातून छपरं शाकारली जात असतील तर चालेल की. इमारत उभी असेल तर ते तास निदान सांगता तरी येतात, आमच्याकडे चिमणीसुद्धा शोधावी लागते.