नुसतं एका टेबलावर बसवून मैत्री होत नाही

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय, गोऱ्या आणि लॅटिनो मुलांची आपसात मैत्री व्हावी म्हणून एक दिवसाचं नेतृत्व शिबिर, सकाळी भाषणं आणि दुपारी एकत्र जेवण, अशी एक सूचना आहे. हेतू चांगला आहे, पण जेवताना मुलं आपापल्या कंपूतच बसतील. नुसता सहवास पुरत नाही. समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा हवा, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 सालीच मांडलंय.

टेक्सासमधल्या ऑस्टिनला 1971 मध्ये शाळांतलं वर्णविभाजन मोडल्यावर मुलांत तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी जिगसॉ पद्धत आणली: धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे, आणि सगळ्यांचे तुकडे जुळले तरच धडा पुरा. तीच घ्या. चौघा-चौघांचे मिश्र गट करा. विषय समजा बसमधल्या वर्णविभाजनाविरुद्ध अलाबामातल्या मॉन्टगमरीच्या कृष्णवर्णीयांनी केलेला 1955-56 चा बस बहिष्कार: एकाला बसमधले बसण्याचे नियम, दुसऱ्याला बहिष्काराची हाक देणारी जो ॲन रॉबिन्सन या कार्यकर्तीची पत्रकं, तिसऱ्याला मोटारींची पर्यायी व्यवस्था, चौथ्याला बसमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राउडर विरुद्ध गेल खटला. प्रत्येकाकडे फक्त स्वतःचा कागद. आधी सगळ्या गटांतले एकाच कागदाचे धनी वीसेक मिनिटं एकत्र बसून तयारी करतात, मग आपल्या गटात येऊन शिकवतात. घाईत नेमकी ही तयारीच गाळली जाते, आणि वाचनात मागे असलेलं मूल सगळ्यांसमोर अडखळतं. मग दर्जा समान कसला?

गटात एकटंच कृष्णवर्णीय मूल नको, त्याला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता बनवलं जातं. एकाच समाजातल्या दोन-दोन मुलांच्या जोड्या ठेवा, मग एखाद्या गटात दोनच समाज आले तरी चालेल. गटप्रमुख दर वेळी बदला. हे किमान सहा आठवडे चालवा, आणि शाळा सुटल्यावर घेणार असाल तर शाळेची बस निघून गेल्यावर लांबची मुलं घरी कशी जाणार ते आधी ठरवा. गळती तिथूनच सुरू होते.