मदत हवी आहे : 12 युरोंच्या आतली फ्रेंच वाइन

नमस्कार मंडळी. आम्ही पॅरिसमधले काही मित्र घरीच वाइन चाखायला बसणार आहोत. बाटली 12 युरोंच्या आत हवी, त्यामुळे बोर्दो-बर्गंडीची बडी नावं बाजूला ठेवली आहेत.

पांढऱ्यात म्युस्कादे नक्की. नांत शहराजवळची, लेबलवर 'स्युर ली' लिहिलेलीच घेणार. 'स्युर ली' म्हणजे ही वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवतात. त्यामुळे ती जिभेवर किंचित चुरचुरते, लिंबासारखी आंबट लागते आणि शेवटी खारट चव रेंगाळते. कालवांसोबत तर लाजवाब! एवढ्या पैशात इतकी स्वच्छ चव मला तरी दुसरीकडे मिळालेली नाही.

अडलंय ते लाल वाइनपाशी. लुआर खोऱ्यातली शिनों घ्यावी, की बोजोलेमधली मोर्गों? पहिली काबेर्ने फ्रां द्राक्षाची, दुसरी गामेची. दोन्ही 14 अंशांच्या आसपास थंड करून द्यायचा विचार आहे. पण शिनोंला कधीकधी येणारा ढोबळ्या मिरचीचा वास नवख्यांना खटकेल का? आणि म्युस्कादेनंतर थेट लालवर यावं, की मध्ये एखादी भारदस्त पांढरी हवी? कोणती? ज्यांनी चाखल्या आहेत त्यांनी उत्पादकाचं नाव आणि साल जरूर सांगा.