मदत हवी आहे: फायबर टाकल्यावर प्लास्टरचा माल घट्ट होतो

बाहेरचं प्लास्टर, प्रमाण १:४. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला क्रश सँडचे (दगड फोडून केलेल्या वाळूचे) ३५ लिटरचे चार फर्मे (मापाच्या पेट्या) आणि ६ मिमी पॉलिप्रॉपिलीन फायबर (तडे जाऊ नयेत म्हणून टाकायचे प्लास्टिकचे बारीक तंतू) १२५ ग्रॅम. फायबर पाणी शोषत नाही, पण तंतू पेस्टला धरून ठेवतात, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात माल थापीवरून सुटत नाही. गवंडी लगेच दोन-तीन लिटर पाणी वाढवतात. मग माल भिंतीवरून घसरतो, पाणी वर येतं, सुकताना बारीक तडे जातात. म्हणजे फायबर टाकलं ते फुकटच!

पाणी न वाढवता प्लास्टिसायझर (माल सैल करणारं रसायन) वापरायचा तर गोणीला किती मिली? आणि गोळे होऊ नयेत म्हणून फायबर कोरड्या मालात विस्कटून टाकावं की पाणी घातल्यावर? मिक्सर साधा ड्रमचाच आहे.