विषय: ब्रिटनचा पार्टनर व्हिसा – मराठी चॅट आणि मंडळाचं पत्र (तातडीचं)

प्रेषक: मृ.
नमस्कार मंडळी,
शुक्रवारी माझ्या जोडीदाराचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, फोटो) आहे, त्याआधी कागद अपलोड व्हायला हवेत. २९,००० पौंडांच्या उत्पन्नाचं, टीबीच्या तपासणीचं, इंग्रजीच्या परीक्षेचं सगळं झालंय. अडलंय ते नात्याच्या पुराव्यापाशी. नातं तीन वर्षांचं, पण एकत्र राहिलो ते अकराच महिने, बाबांच्या आजारपणात मी पुण्यात होते तेव्हा. लिव्ह अँड लायसन्स एकट्या त्याच्या नावावर, कारण लग्न न झालेल्या जोडप्याला कोणी जागा देईना. लाइटबिल घरमालकाच्या नावाचं. राहिलं व्हॉट्सॲप. ते सगळं मराठीत, निम्मं रोमन लिपीत टाइप केलेलं. त्याचं भाषांतर लागतं का? आणि मंडळाच्या लेटरहेडवर पत्र मिळेल का? गणपतीला आम्ही दोघं होतो हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

प्रेषक: सचिव
समितीच्या ठरावाशिवाय लेटरहेड वापरता येत नाही. मागच्या पत्राच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच हा नियम केला. मंडळ तुमच्या सभासदत्वाच्या तारखा लिहून देईल, त्या मी आजच पाठवतो. पण दोन माणसांचं नातं कसं आहे हे मंडळाने कोणत्या आधारावर लिहायचं?

प्रेषक: अण्णा
सचिवांचं म्हणणं रास्त आहे, आणि पत्रावाचून तुझं अडणारही नाही. आमच्या धाकट्याच्या वेळी दोन वर्षं एका छताखाली राहिल्याचाच पुरावा लागायचा. काउन्सिल टॅक्स (इकडची घरपट्टी), बँक, जीपी (फॅमिली डॉक्टर), अशी पत्रं गोळा करताना नाकी नऊ आले होते. ३१ जानेवारी २०२४ पासून ती अट गेली. आता नातं दोन वर्षं लग्नासारखं असलं पाहिजे, घर एकच असायला हवं असं नाही. सरकारी संकेतस्थळावर स्पष्ट दिलंय: नोकरी-शिक्षणामुळे, किंवा लग्नाआधी एकत्र राहणं तुमच्या संस्कृतीत मान्य नाही म्हणून वेगळे राहत असाल, तर नियमित संपर्क, एकमेकांना पैशाची मदत, एकत्र घालवलेला वेळ हे दाखवा. तेव्हा जागा कोणी देईना ही गोष्ट दडवू नकोस. कव्हर लेटरच्या पहिल्याच पानावर लिही. भाड्यातला तुझा वाटा तू कसा द्यायचीस?

प्रेषक: मृ.
दर महिन्याच्या ५ तारखेला गूगल पेने, निम्मं भाडं. इकडे परत आल्यावरही कधी तो, कधी मी पाठवत आलोय.

प्रेषक: अण्णा
मग तेच पुढे कर! दोघांच्या बँक स्टेटमेंटवर त्या ओळी पिवळ्या करून ठेव. एकाच्या खात्यातून गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात आले, हे दोन्हीकडून जुळलं की त्यापुढे शंभर फोटो फिके.

प्रेषक: वहिनी
मृ., मनापासून सांगते, लग्नच का नाही करून टाकत? मग दोन वर्षांचा प्रश्नच येत नाही.

प्रेषक: माई
वहिनी, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. शुक्रवार कुठे आणि हे कुठे. शिवाय लग्नाचा दाखला जोडला तरी नातं खरं आहे, टिकून आहे, हे दाखवायचं राहतंच. माझ्या भाच्याच्या अर्जात दाखला होता, दोनशे पाहुण्यांचा अल्बम होता, पण लग्नानंतरच्या वर्षाचा एकही कागद नव्हता. नकार आला. आणि लग्न कधी करायचं हे त्या दोघांनी ठरवायचं, व्हिसाने नाही.

प्रेषक: वहिनी
माई, मी काळजीपोटी लिहिलं. आमच्या वेळी कोणी विचारलंही नाही.

प्रेषक: माई
कळलं हो. राग नाही.
मृ., भाषांतराबद्दल. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं, आणि रोमन लिपीतली मराठी म्हणजे मराठीच. भाषांतर अचूक आहे असं भाषांतरकाराने लिहून द्यायचं. खाली तारीख, पूर्ण नाव, सही, संपर्क. तू स्वतः करू नकोस, त्याच्याकडूनही नको. पण तीन वर्षांचं सगळं चॅट कशाला? मी भाषांतराचं काम करते म्हणून सांगते, मागे एका मुलीने चारशे पानं धाडली होती. पानोपानी ‘जेवलास का’, ‘पोचलीस का’, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर’. मला वाचताना भरून आलं, पण अधिकारी ते वाचत बसणार नाही. दर महिन्याचे दोन-तीन स्क्रीनशॉट घे, तारीख दिसेल असे. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवसाचे, तिकिटं काढतानाचे, भांडून अबोला धरलात आणि परत बोललात तेही. सोबत कॉल लॉगचं एक-एक पान. तेवढं मी गुरुवारपर्यंत करून देईन. पैशाचं नंतर बघू.

प्रेषक: खजिनदार
मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या तिकिटांबद्दल. पूर्ण यादी कोणालाही मिळणार नाही, त्यात इतरांची माहिती आहे. मृ.ची स्वतःची पावती मात्र तिची आहे. आत्ताच पाहिलं, २०२३ ची दोन तिकिटं, दोघांची नावं, पैसे भरल्याची तारीख. ईमेल केली आहे. याला ठराव लागत नाही.

प्रेषक: सचिव
पावती देण्याआधी एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. हरकत नाही, पण रीत म्हणून सांगतो.

प्रेषक: दादा
एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. २०२३ ला तो आला तो व्हिजिटर व्हिसावर ना? त्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात काय लिहिलं होतं? ‘सिंगल’ लिहिलं असेल, तर तो अर्ज व्हिसा अधिकाऱ्यांकडे आहे आणि ते दोन्ही अर्ज ताडून बघतील. अर्जाची फी नकार आला तरी परत मिळत नाही; परत मिळतो तो फक्त हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरलेले पैसे. आज रात्रीच जुना फॉर्म काढून बघा.

प्रेषक: मृ.
दादा, त्याला उठवून बघायला लावलं. ‘सिंगल’ लिहिलंय. तेव्हा त्याच्या घरी सांगितलं नव्हतं आणि फॉर्म त्याच्या भावाने भरला होता. आता काय करू?

प्रेषक: दादा
घाबरू नकोस, पण हे दडवायचं नाही. त्याने स्वतःच्या सहीने अर्ध्या पानात लिहावं: तेव्हा काय लिहिलं, का लिहिलं, नातं कधीपासून आहे. भावानेही फॉर्म आपण भरल्याचं पत्र द्यावं, पासपोर्टच्या प्रतीसह. आणि पाठवण्याआधी एखाद्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला दाखवा, या एका मुद्द्यासाठी तरी.

प्रेषक: अण्णा
तू गणपतीला त्याची ओळख करून दिलीस तेव्हा मी तिथे होतो. मी पाहिलं तेवढंच लिहून देतो, माझ्या नावाने, लेटरहेडशिवाय. पासपोर्टची प्रत आणि पत्ता जोडेन. उद्या सकाळी दहाला घेऊन जा.

प्रेषक: मृ.
अण्णा, दहाला येते. माई, स्क्रीनशॉट आज रात्री पाठवते, छत्तीस महिन्यांचे. एप्रिलमधले अबोल्याचे नऊ दिवसही घेतलेत.