लेकरं बर्फात, आपण सोलापुरात: हिवाळी वादळाच्या तयारीचे अनुभव लिहा

जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षिका

१५ फेब्रुवारी २०२१. दुपारचं जेवण आटोपून मी आडवी झाले होते. अमेरिकेत, टेक्सासातल्या डॅलसहून लेकीचा मेसेज आला: "आई, लाइट गेली. घर गार पडतंय. बॅटरी जपायची आहे, फोन करू नकोस." तिकडे मध्यरात्र उलटली होती, कारण त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. त्यानंतर सव्वीस तास तिचा आवाज ऐकला नाही. ते तास मी देवघरासमोर काढले.

आपल्याकडे लाइट गेली की पंखा थांबतो, घाम येतो, तासाभरात येईल म्हणून आपण ओट्यावर जाऊन बसतो. तिकडे लाइट गेली की घराची ऊबच जाते. लेकीकडे गॅसवर चालणारी भट्टी आहे, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेचा. चूलही विजेची. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, डॅलसचं तापमान उणे १९ अंशांपर्यंत उतरलं. १९४९ नंतर तिथे एवढी थंडी पडलीच नव्हती, त्यामुळे तिथली घरं, पाइप, वीजकेंद्रं कशाचीच तशी तयारी नव्हती. टेक्सासात ४५ लाखांच्या आसपास घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली.

माझी लेक, जावई आणि सहा वर्षांचा नातू एका खोलीत राहिले. सगळ्यात लहान खोली, खिडकी एकच. जेवणाचं टेबल आत ओढलं, त्यावरून पांघरुणं सोडली, खाली गादी घातली आणि तिघं त्या तंबूत. दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. खाण्याचं काय? दिवाळीच्या पार्सलात मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवली होती, ती पुडकी शिल्लक होती. चूल न पेटवता पोटभर होणारं, महिना महिना टिकणारं अन्न. तेव्हापासून दर वर्षी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी एक पार्सल तिच्याकडे जातंच.

ज्यांची मुलं तिकडे आहेत, जे स्वतः राहून आलेत, त्यांनी लिहा. ऐकलेलं नको. काय केलं आणि काय चुकलं, एवढंच. माझ्यासारख्या आयांना वादळाच्या आधी लेकरांना नेमकं काय विचारायचं ते कळू दे.

विजापूर रोड, बफेलोत शिकून परत आलेला

काकू, मी डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत होतो. वादळाचा इशारा तीन-चार दिवस आधीपासून होता, त्यामुळे कळलं नाही असं कुणीच म्हणू शकत नाही. आम्ही चौघं पोरं एका घरात. गुरुवारी संध्याकाळी दुकानात गेलो तेव्हा पावाचं शेल्फ रिकामं झालं होतं. शुक्रवारी, २३ तारखेला, सकाळी पाऊस होता. काही तासांत पारा कोसळला, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं गेला आणि खिडकीतून समोरचं घर दिसेना.

आमच्यातला एक जण कामाच्या पाळीला निघाला होता. बूट घातलेले, किल्ली हातात. घरमालकीण म्हातारी खालून ओरडली, "गाडीत बसलास तर परत येणार नाहीस." त्याला राग आला, पण तो थांबला. त्या दिवशी अग्निशमनच्या गाड्या अडकल्या, रुग्णवाहिका अडकल्या, बर्फ काढायची यंत्रंसुद्धा अडकली. त्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, चाळीसहून जास्त माणसं गेली. कुणी गाडीत सापडलं, कुणी रस्त्यात, कुणी ऊब गेलेल्या घरात. आमचा मित्र त्या यादीत नाही याचं श्रेय त्या बाईला.

बफेलोतच एवढा बर्फ का, हे मला तिथं राहून समजलं. ईरी सरोवराचं पाणी डिसेंबरात गोठलेलं नसतं. वरून जाणारा गार वारा त्याची वाफ उचलतो आणि काठावरच्या गावावर बर्फ करून टाकतो. म्हणून एका पेठेत गुडघाभर आणि पाच मैलांवर ऊन, असंही होतं. मुलांचं गाव पाण्याच्या कुठल्या बाजूला आहे, तेही विचारून ठेवा.

दोन शब्द आई-वडिलांनी पाठ करावेत. 'वॉच' म्हणजे वादळ येऊ शकतं, सामान भरा. 'वॉर्निंग' म्हणजे ते येतंय किंवा आलंय, घर सोडू नका. मुलगा 'वॉच' म्हणाला त्याच दिवशी त्याला दुकानात पाठवा.

आणि गाडीत अडकलाच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करायचा, तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. पेट्रोल कधीही अर्ध्या टाकीच्या खाली नाही. गाडीत फावडं, पांघरूण आणि खायला काहीतरी.

बाळीवेस, आता ह्यूस्टनमध्ये परिचारिका

पाइपच्या धुरावरून लिहायलाच हवं. २०२१ च्या त्याच आठवड्यात मी आपत्कालीन विभागात होते. थंडीनं आखडलेली माणसं येतील असं वाटलं होतं. ती आलीच, पण सोबत कुटुंबंच्या कुटुंबं डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय म्हणत आली. कुणी घरात कोळशाची शेगडी पेटवलेली, कुणी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतलेली, कुणी जनरेटर आत आणलेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

मला माझी आजी आठवली. बाळंतिणीच्या खोलीत ती शेगडी ठेवायची. पण आपल्या त्या घराला माळवद होतं, धाब्यात धारं होतं, दारांना फटी होत्या, धूर वाट काढायचा. तिकडची घरं ऊब बाहेर जाऊ नये म्हणून घट्ट बंद असतात. म्हणून आईनं फोनवर प्रेमानं "शेगडी पेटव गं" म्हणू नये. कृपा करून म्हणू नये.

जनरेटर असेल तर तो बाहेर, खिडक्या-दारांपासून किमान वीस फूट लांब. प्रत्येक मजल्यावर बॅटरीवर चालणारा धोक्याचा अलार्म. बाहेर भिंतीतून भट्टीचा पाइप निघतो, त्याच्यावर बर्फ साचला तर तोही झाडून काढायचा.

आणखी एक. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टर गाठा. बधिर बोटाला चटका कळत नाही.

पूर्व भाग, यंत्रमागावर चाळीस वर्षं

चादर हे आमचं पोट आहे, तरी खरं ते सांगतो. पोरगा शिकागोला निघाला तेव्हा बायकोनं बॅगेत चार सोलापुरी चादरी भरल्या. चादर सुती. कोरडी असेल तोवर तिच्यासारखी माया नाही, पण सूत ओलं झालं की अंगाची ऊब ओढून घेतं. बर्फात भिजलेल्या माणसाच्या अंगाला सूत लागू द्यायचं नाही. तिथं लोकर पाहिजे. लोकर दमट झाली तरी ऊब धरते. सांगोल्याकडच्या धनगराच्या हातचं एक घोंगडं मी नंतर पाठवलं. टोचतं म्हणून पोरगा कुरकुरला, मग त्याच्याच गाडीत ते कायमचं राहिलं.

चादरी वाया गेल्या नाहीत. रात्री तो त्या खिडक्यांवर टांगतो. काचेतून येणारा गारठा अडतो. एक गुंडाळून दाराच्या खालच्या फटीला.

साखर पेठ, सध्या ऑस्टिन

पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मी वाढलो, तरी तिकडे गेल्यावर भरून ठेवायची सवय सुटली होती. वादळाच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजींनी सांगितलं म्हणून बाथटब भरला. तीन दिवस संडासला तेच पाणी पुरलं. प्यायचं वेगळं: माणशी दिवसाला चार लिटर, निदान तीन दिवसांचं. नळ आल्यावरही बरेच दिवस उकळूनच प्यायचा हुकूम होता.

चुकलं ते पाइपचं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि त्या दाबानं पाइप फुटतो. आमचा स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतला फुटला. गंमत कशी, गोठलेला असताना काहीच कळत नाही. बर्फ वितळला, वीज आली, आम्ही आनंदात चहा टाकला आणि भिंतीतून धार लागली. मुख्य कॉक कुठे आहे ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अंधारात, घोटाभर पाण्यात तो शोधायला पाऊण तास गेला. खालची लाकडी जमीन सगळी उखडावी लागली.

आता थंडीची बातमी आली की बाहेरच्या नळाची नळी काढून नळाला जाड कापड बांधतो, आतले नळ बारीक धारेनं चालू ठेवतो, सिंकखालची कपाटं उघडी ठेवतो, म्हणजे घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते. मुख्य कॉकला लाल फडकं बांधलंय. अंधारात हाताला लागतं.

सात रस्ता, औषधांचं दुकान

२०१५ च्या हिवाळ्यात मी मुलाकडे बॉस्टनला होतो. त्या मोसमात तिथे १०८ इंचांहून अधिक बर्फ पडला, आजवरचा विक्रम. नुसतं बसून खाणं बरं वाटेना म्हणून मी एका सकाळी फावडं घेतलं. वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू. दहा मिनिटांत छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. नशिबानं सूनबाईनं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात आणि त्यात ओल्या बर्फाचं ओझं उचललं की हृदयावर दुहेरी ताण. पाहुणे म्हणून गेलेल्या आजोबांनी फावड्याला हात लावू नये, मुलांनीही बर्फ उचलण्याऐवजी ढकलावा.

धंद्यामुळे एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. नेहमीच्या गोळ्या किमान आठ-दहा दिवसांच्या शिल्लक असू द्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. इन्शुलिन गोठलं तर फेकून द्यायचं, वितळल्यावर वापरायचं नाही. वीज गेलेल्या घरात ते खिडकीपाशी नको, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. फ्रीज मात्र उगाच उघडू नका. दार बंद राहिलं तर खालचं चार तास, गच्च भरलेलं फ्रीझर दोन दिवस टिकतं.

पंढरपूर तालुका, द्राक्ष बागायतदार

माझं कुणी तिकडं न्हाई. पण २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमधी गारपीट झाली, तवा आमच्या बागंत घड उतरायला आले हुते. अर्ध्या तासात खाली चिखल आन् द्राक्षांचा खच. तवाच शिकलो, आभाळ फिरल्यावर पळापळ करून हातात काय येत न्हाई. आता इशारा आला की आधी जनावरं झाडाखालनं काढून गोठ्यात, पत्र्यावर वजन, म्हातारीचं अंथरूण पक्क्या खोलीत. ताई, तुमच्या लेकीला म्हणावं, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या दारावर एकदा हाक मारून ये. आमच्याकडं तीच पयली बघतो आमी.

जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षिका

सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवून घेतलं. साखर पेठेच्या दादांचं वाचून रात्रीच लेकीला फोन लावला. "तुझ्या घराचा मुख्य कॉक कुठे आहे?" ती गप्प. तिथे घर घेऊन सात वर्षं झाली. मग फोन चालू ठेवूनच लेक आणि नातू शोधायला निघाले. भिंती चाचपल्या, गॅरेज पाहिलं, शेवटी अंगणात गवताखाली लोखंडी झाकण सापडलं. नातवानं बॅटरी धरली होती.

शेजारी एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आजी आहेत. त्यांचाही कॉक त्याच रांगेत निघाला. आज सकाळी फोटो आलाय: दोन झाकणं, दोन्हींना माझ्या जुन्या लाल इरकलीच्या चिंध्या बांधलेल्या.